शेवंतीची दुसरी सुई

यमगर्णीतून सकाळी छकडा जुंपून निघालो तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं दारात उभी होती. निरोप द्यायला कुणी नव्हतं, सगळी हसायला होती. घोडीला सुई टोचायला म्हणून कुणी पार बेळगावजवळच्या काकतीपर्यंत गाडी हाकत जातं का, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर लोकांनी टेम्पो पाठवतो म्हणून सांगितलं होतं, मीच नको म्हणालो. माझी शेवंती पंचकल्याणी आहे (चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली). अशी घोडी टेम्पोत कोंडून न्यायची आणि वाटेवरच्या माणसांना तिचं तोंडसुद्धा दिसायचं नाही, हे मला पटत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, पण नाही हा शब्द मला पक्का येतो.

काम काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घोड्याला दोन रोग वाईट. एक धनुर्वात. टापेत खिळा नाहीतर काटा शिरतो, आठ-दहा दिवस काही वाटत नाही, आणि मग घोडा लाकडासारखा ताठ होतो, जबडा उघडत नाही. दुसरा खोकल्याचा ताप. एका घोड्याला झाला की शर्यतीच्या माळावरच्या सगळ्यांना होतो. दोन्हींवर लस आहे, पण वेगवेगळी, आणि प्रत्येकीच्या दोन-दोन सुया, महिन्याच्या अंतरानं. आमच्यासारखी माणसं एक सुई टोचून घेतात आणि परत फिरकत नाहीत. म्हणून एका लस करणाऱ्या कंपनीचे डॉक्टर दोन्ही औषधं एकाच सुईत घालून बघत होते. काही घोड्यांना जुन्या रीतीनं वेगवेगळ्या सुया, काहींना ही जोडसुई. मग कुणाला किती ताप येतो, किती सूज येते, रक्तात रोगाशी लढायची किती ताकद येते ते सगळं लिहून ठेवायचं. शेवंती जोडसुईच्या गटात होती. पहिली सुई महिन्यापूर्वी निपाणीत झाली. दुसरी काकतीला, आणि त्यानंतर तीन दिवस तिथंच मुक्काम.

माझा आधीचा घोडा पाखऱ्या धनुर्वातानं गेला. त्याची पहिली सुई झाली होती, दुसरी नव्हती. त्यावर मी जास्त बोलत नाही. शेवंतीची दुसरी सुई चुकवायची नाही, एवढं मनात धरून मी निघालो होतो.

निपाणीत दस्तगीर गाडीत चढला. दस्तगीर नालबंद, म्हणजे घोड्याच्या खुरांना नाल मारणारा. वय माझ्याएवढंच. पन्नास वर्षं माझ्या घोड्यांना नाल मारतोय आणि पन्नास वर्षं माझी चेष्टा करतोय. चढताना त्यानं हत्यारांची पिशवी, पानाचा डबा आणि एक उशी घेतली. उशी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, तुझ्या गाडीला स्प्रिंग हाय, पण माझ्या हाडात न्हाय.

तवंदी घाटात मोठा रस्ता झाल्यापासून मी छकडा घातला नव्हता. चढाला आम्ही दोघं खाली उतरलो, घोडीचं ओझं हलकं केलं आणि कडेकडेनं चालू लागलो. मागून एक लांबलचक कंटेनर आला. आता हा भोंगा वाजवून घोडी बुजवणार म्हणून मी लगाम आखडून धरला, तर त्या ड्रायव्हरनं वेग कमी केला, बाजूचे लाल दिवे लुकलुकत ठेवले आणि अख्खा घाट आमच्या मागं मागं आला. लग्नाची वरात निघावी तशी आमच्यामागं गाड्यांची रांग लागली. माथ्यावर त्यानं थांबून शेवंतीचा फोटो काढला. कुठल्या मुलखाचा होता कोण जाणे, त्याची भाषा मला कळली नाही. मी त्याला तंबाखू दिली, त्यानं मला केळी दिली, आणि केळी शेवंतीनं खाल्ली.

माथ्यावर वारा फार गोड होता. खाली निपाणीकडची रानं, तंबाखूचे पट्टे, मध्ये उसाचा हिरवा तुकडा. तिथं बसून दस्तगीरनं माझी वही मागितली. डॉक्टरांनी प्रत्येक घोडेवाल्याला एक वही दिली होती. रोज सकाळी ताप किती, खाणं कसं, मानेवर सूज किती, हे तीन रकाने भरायचे. मी एक दिवस चुकवला नव्हता. अक्षर माझं मोठं आहे, पण सरळ आहे.

दस्तगीरनं सुजेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं खालपर्यंत एकच लिहिलं होतं, नाही, नाही, नाही.

"सुईच्या दुसऱ्या दिवशी लिंबाएवढी गाठ मी ह्या डोळ्यांनी बघितलीया," तो म्हणाला. "खोटं लिवलास."

"खोटं कसं? मी लिवताना गाठ न्हवती."

"आंबेहळद लावून, वीट शेकून बसवल्यावर कशी असंल रं?"

आमच्यात रीतच अशी आहे. घोड्याच्या अंगावर गाठ दिसली की लोक घोड्याला नावं ठेवत नाहीत, धन्याला ठेवतात. म्हणून गाठ दिसली की आंबेहळद आणि तुरटी उगाळून लेप लावायचा, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायचं, आणि बाहेर पडताना वर झूल टाकायची. पहिल्या सुईनंतर मी तेच केलं. हात आपोआप तिकडं गेला म्हणा. पण डॉक्टरांच्या कागदावर मी सही केली होती, आणि त्यात एक ओळ होती, ती मला दोनदा वाचून दाखवली होती. घरचं औषध लावायचं नाही, लावल्यास घोडा चाचणीतून बाद. म्हणजे खरं सांगितलं तर दुसरी सुई गेली. मी वही बंद केली आणि दस्तगीरला सांगितलं, काकतीत तू तोंड उघडायचं नाहीस. तो म्हणाला, मी कशाला उघडू, तुझं तोंड काय शिवलंय का?

पहिला मुक्काम संकेश्वरला, माझ्या आक्काकडं. आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, कमरेत वाकली आहे, पण आवाज अजून पाटलाचा. तिनं आम्हाला पाणी विचारायच्या आधी शेवंतीला गूळ दिला. मग जोंधळ्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि संकेश्वरी मिरचीचा खर्डा वाढला. ही मिरची लाल, सुरकुतलेली आणि दिसायला गरीब असते. दस्तगीरनं मोठ्या ऐटीत पहिलाच घास भरून घेतला, मग दहा मिनिटं तो कुणाशी बोलला नाही. आक्का म्हणाली, "बाळू, ह्याला रोज ह्यो खर्डा घाल, तुझं घर शांत ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी हत्तरगीच्या टोलनाक्यावर गंमत झाली. छकडा कुठल्या रांगेत घालायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहारेकरी पुढं आला आणि म्हणाला, "कुदरीगे टोल इल्ल्री" (घोड्याला टोल नाही हो). मला जरा वाईटच वाटलं. एवढी देखणी घोडी, आणि नाक्याला तिची काहीच किंमत नाही. तेवढ्यात आमच्या पुढं उभ्या असलेल्या नव्या कोऱ्या मोटारीवरचा झेंडूचा हार शेवंतीनं ओढून घेतला आणि निम्मा खाल्लासुद्धा. आतून एक जाडजूड गृहस्थ उतरले. मी भांडायच्या तयारीनं छाती पुढं काढली. ते म्हणाले, नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला घोड्यानं हार खाल्ला, यापेक्षा चांगला शकुन कुठला? उरलेला हार त्यांनी आपल्या हातानं तिला भरवला. छाती पुढं काढलेली तशीच राहिली. दस्तगीर यमकनमर्डीपर्यंत हसत होता. त्या रात्री यमकनमर्डीतच एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात गाडी सोडली.

तिसऱ्या दिवशी वंटमुरीचा घाट उतरताना झाडी लागली, कुठंतरी मोर ओरडत होता, आणि दुपार कलायच्या आत काकती आली. काकती म्हणजे घोड्यावर बसून फिरंग्यांशी लढलेल्या राणीचं माहेर. अशा गावात घोड्याला मान असणारच, असं मी दस्तगीरला सांगितलं. गावात शिरताच एका म्हातारीनं हात जोडले. दस्तगीर म्हणाला, तुला न्हाय, घोडीला. मी म्हटलं, तेच तर सांगतोय.

गावाबाहेर पत्र्याच्या लांब शेडमध्ये पंधराएक घोडी बांधलेली होती. शर्यतीची, वरातीची, एक-दोन टांग्याची. डॉक्टर म्हणजे सविता मॅडम, धारवाडकडच्या. वय तिशीचं, पायात गमबूट, बोलणं निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी. मला त्या अज्जा (आजोबा) म्हणत. शेवंतीला हातभर दूर उभं राहून त्यांनी आधी आपला हात हुंगू दिला, मग जवळ आल्या. मला बाई आवडली. त्यांनी घोडीच्या मानेतून रक्त घेतलं, बाटलीवर नंबर घातला, आणि घोडी प्रवासातून आली आहे म्हणून सुई दुसऱ्या दिवशी ठेवली. संध्याकाळी जवळच्या खानावळीत आम्ही गिरमिट खाल्लं (चिरमुऱ्यांना कांदा-टोमॅटोचा ओला मसाला चोळून करतात, वर शेव, आणि सोबत मिरचीची भजी). दस्तगीरनं भजी आधी नखानं मोडून आतली मिरची तपासली.

सकाळी सगळे घोडेवाले शेडमध्ये जमले. मॅडम एकेकाची वही बघत होत्या. कुणी चार दिवस लिहून सोडून दिलं होतं, कुणाच्या वहीवर घोड्यानं पाय दिला होता. माझी वही त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली आणि वर धरली. सगळ्यांनी बघा, अज्जांनी एक दिवस चुकवला नाही, आणि सूज अजिबात नाही, असं त्या म्हणाल्या. माणसं माझ्याकडं बघू लागली. आता खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तिसरीत मास्तरांनी माझी पाटी कधी अशी वर धरली नव्हती. मी मिशीवरून हात फिरवला. दस्तगीर पत्र्याकडं बघत होता.

तेव्हा सांबऱ्याचा बसवाणी उठला. चाळिशीचा माणूस, त्याचा राजा नावाचा पांढरा घोडा लग्नाच्या वरातीत नाचतो. विमानतळाजवळ वाढलेला घोडा, डोक्यावरून विमान गेलं तरी कान हलवत नाही. बसवाणीनं राजाचं दावं सोडायला घेतलं.

"मॅडम, दोघांना एकाच बाटलीतलं औषध दिलं म्हणता," तो म्हणाला. "मग ह्या आप्पांच्या घोडीला काय न्हाय, आणि माझ्या राजाच्या मानेवर पेरूएवढी गाठ कशी आली? ऐन वरातीत लोकांनी नावं ठेवली. माझ्या घोड्याला हे सोसत न्हाय. दुसरी सुई नको. मी चाललो."

मॅडमनी समजावलं की अशी सूज बऱ्याच घोड्यांना येते, चार-पाच दिवसांत आपोआप जाते, तिच्यानं धोका नाही. बसवाणी ऐकेना.

"मग ही वही काय खोटी हाय?" त्यानं विचारलं.

प्रश्न त्यानं मॅडमना विचारला होता, उत्तर माझ्याजवळ होतं. मी शेवंतीकडं बघितलं. ती निवांत कडबा खात होती. खरं सांगितलं तर तिची सुई जाणार. नाही सांगितलं तर ह्या माणसाच्या घोड्याची जाणार, आणि तीही माझ्या वहीमुळं. तो दाव्याची गाठ सोडत होता, आणि त्याचे हात बघून मला माझेच हात आठवले. असाच चिडून मी पाखऱ्याला दवाखान्यातून परत आणला होता.

"खोटी हाय," मी म्हणालो.

मी मग उभा राहून सगळं सांगितलं. आंबेहळद, तुरटी, वीट, झूल. बसवाणीला म्हटलं, "माझ्या घोडीलाबी गाठ आलती. मी बसवली आणि वहीत न्हाय म्हणून लिवलं. माझ्या पाखऱ्यालाबी आलती. औषध वाईट म्हणून मी दुसरी सुई टोचू दिली न्हाय. पुढं त्याला खिळा लागला. तीन दिवस त्याचा जबडा मी हातानं उघडायला बघत हुतो. दावं बांध परत."

बसवाणीनं राजाच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजे माझा राजा धडधाकट हाय म्हणा की." आणि त्यानं दावं बांधलं.

मी मॅडमकडं वळलो. वाटलं, आता ह्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, ते मला सोपं जातं. त्यांनी खुर्ची ओढली, पेन काढलं आणि विचारलं, आंबेहळद किती घेतली, तुरटी किती, वीट किती वेळ ठेवली, किती दिवस. सगळं लिहून घेतलं. एवढं मन लावून माझं सांगणं कुणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही. मग माझ्या वहीतल्या सुजेच्या रकान्यावर लाल रेघ मारली, ती वरपासून खालपर्यंत गेली. ती रेघ मला सुईसारखी लागली. त्यानंतर त्या बाहेर जाऊन आपल्या वरच्या साहेबांशी कन्नडमध्ये फोनवर बोलल्या. मला कन्नड कळतं, पण त्या लांब गेल्या होत्या. तेवढ्या वेळात मी शेवंतीची आयाळ दोनदा विंचरली.

आल्यावर त्या म्हणाल्या, "अज्जा, पहिल्या सुजेचं तुमचं लिहिलेलं आम्ही धरणार नाही. लेप कातडीवर होता, रक्तात नाही. रक्त धरणार. घोडी चाचणीत राहील."

"आणि सुई?"

"सुई तर घोडी बाद झाली असती तरी दिली असती. घोडी काय कागदावर जगते का?"

मी आयाळ तिसऱ्यांदा विंचरायला घेतली. दस्तगीर बोलला, "मॅडम, ह्याला पण एक टोचा. ह्याचा जबडा बंद पडलाय." सगळी शेड हसली, शेवंतीनंसुद्धा मान हलवली, आणि तेवढ्यात मॅडमनी तिला सुई टोचून टाकली. राजाला टोचताना मात्र तीन माणसं लागली. विमानाला न भिणारा घोडा सुई बघून मागच्या दोन पायांवर उभा राहिला. बसवाणी त्याला म्हणत होता, अरे, त्या आप्पांच्या घोडीकडं बघ की जरा.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यात सगळ्यात कठीण गेले, आणि सगळ्यात मजेचेही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ आली. मी हात मागं बांधून तिच्यासमोर बसायचो. बसवाणी आणि दस्तगीर माझ्यावर पहारा करत. मी नुसता विटांच्या ढिगाकडं गेलो तरी दोघं खाकरायचे. एकदा खरंच तोंड धुवायला चाललो होतो, तर बसवाणी मागं मागं नळापर्यंत आला. मॅडम सकाळ-संध्याकाळ कंपासासारख्या दोन पायांच्या पट्टीनं गाठ मोजायच्या आणि मी माझ्या हातानं वहीत लिहायचो. तिसऱ्या दिवशी गाठ उतरू लागली. शेवंतीची गाठ राजाच्या गाठीपेक्षा थोडी मोठी निघाली, याचं मला बरं वाटलं. कशाचं बरं वाटेल ते सांगता येत नाही. निघायच्या दिवशी बसवाणीनं बेळगावहून कुंदा आणला (दूध आटवून, साखर करपवून करतात, खरपूस आणि तपकिरी). घोडेवाले, डॉक्टर, झाडू मारणारी बाई, सगळ्यांनी एकाच डब्यातून खाल्ला.

आठ दिवस घोडी गाडीला जुंपायची नाही, असा मॅडमचा हुकूम होता. म्हणजे टेम्पो. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवंतीनं तर मलाच तोंडघशी पाडलं. फळी टाकताच टकटक करत वर चढली, जशी जन्मभर टेम्पोतून फिरतेय. छकडा काकतीत बसवाणीच्या पाहुण्यांच्या गोठ्यात ठेवला, तो अजून तिथंच आहे. दस्तगीर उशी घेऊन ड्रायव्हरशेजारी बसला, मी मागं घोडीजवळ. तीन दिवसांची वाट दोन तासांवर आली. हत्तरगीच्या नाक्यावर टेम्पोला थांबून टोल भरावा लागला, तेव्हा मला जरा समाधान झालं.

रक्ताचा निकाल पुढं महिन्याभरानं फोनवर कळला. दोन्ही रोगांशी लढायची ताकद चांगली आली आहे. राजालाही आली. मॅडम म्हणाल्या, अजून पुष्कळ घोड्यांचं रक्त बघायचं आहे, मगच ही जोडसुई सगळ्यांना मिळेल. बघा म्हटलं. आम्हाला काही घाई नाही, आमची झाली.

माझ्या आयुष्यात मी बहुतेक वेळा बरोबर होतो, असं माझं आजही मत आहे. पण चूक चारचौघांत सांगितल्यावर माणूस लहान होतो असं जे मी सत्तर वर्षं समजत होतो, ते तेवढं खरं नाही. काकतीत मी चूक सांगितली आणि मला अज्जा म्हणणारी माणसं वाढली.

त्या दिवशी टेम्पोतून परतताना तवंदीच्या माथ्यावर चहाला थांबलो. शेवंतीला पाय मोकळे करायला खाली उतरवलं. टपरीवर शर्यतीत घोडी पळवणारी चार पोरं होती, सगळी ओळखीची. त्यातला एकजण जवळ आला, घोडीच्या मानेकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आप्पा, तुमच्या घोडीला गाठ आलीया की. लेप लावा, न्हायतर झूल तरी टाका वर. लोक काय म्हणतील?"

झूल माझ्या खांद्यावरच होती. ती मी खाली अंथरली आणि तिच्यावर बसलो.

"हात लावू नको तिला," मी म्हणालो. "ती गाठ वहीत लिवलेली हाय. ये, बस हितं, चहा घे. तुझ्या घोड्याची दुसरी सुई झालीया का, ते आधी सांग."